दातृत्वाची वाट : परळ ते बार्शी

कांहीं रोग असे असतात कीं ते आले म्हणजे सारें गांव जागें होतें. पटकी, देवी, प्लेग यांची चाहूल लागली कीं दवंडी पिटली जाते, सरकार धांवतें, शेजारी शेजाऱ्याला हांक मारतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें पाऊल टाकलें तेव्हां त्या शहराची जी त्रेधा उडाली तिच्या आठवणी पुढें कित्येक वर्षें घराघरांतून सांगितल्या जात. दुसऱ्या जातीचे रोग मात्र निराळे. ते गाजावाजा करून येत नाहींत. एखाद्या घरांतल्या एकाच माणसाच्या देहांत ते गुपचूप मुक्काम करतात, वर्षानुवर्षें तेथें राहतात, आणि शेजारच्या घरीं नेहमींप्रमाणें चूल पेटत असतां या घरांतले दागिने, बैल आणि शेवटीं जमीन एकामागून एक बाहेर काढतात. कर्करोग हा या दुसऱ्या जातीचा रोग होय.

साथीच्या रोगाशीं समाज एकजुटीनें लढतो. कर्करोगाशीं रोगी बहुधा एकटा लढतो. म्हणूनच समाजाच्या दातृत्वाची खरी परीक्षा अशा रोगांत होते. या परीक्षेंत महाराष्ट्रांतील दातृत्व कोणत्या वाटेनें गेलें, कोठें अडलें आणि काय शिकलें, याचा सुमारें शंभर वर्षांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. ही वाट मुंबईच्या परळ भागांत सुरू होते आणि सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीच्या बाजारपेठेपर्यंत, किंबहुना तिच्याहि पलीकडच्या लहान लहान खेड्यांपर्यंत जाते.

दानधर्म मुंबईला नवा नव्हता. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधारानें भायखळ्याचें इस्पितळ १८४५ सालीं उघडलें. कुष्ठरोग्यांसाठीं माटुंग्याच्या बाजूस १८९० सालीं आश्रयस्थान निघालें. १९२६ सालीं परळास के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज हीं सुरू झालीं. शहराबाहेरच्या मुलखांत तर पाणपोई, अन्नछत्र, धर्मशाळा हे पुण्याचे मार्ग पिढ्यान् पिढ्या चालत आलेले होते. परंतु या सर्व दानांचा एक विशेष होता. तहानलेल्याला पाणी दिलें कीं तहान भागते, वाटसरूला रात्रीपुरता आसरा दिला कीं तो सकाळीं आपल्या मार्गानें जातो. कर्करोग अशा एका वेळच्या दानाला दाद देत नाहीं. त्याला निष्णात शस्त्रवैद्य लागतो, रेडियम लागतें, क्ष-किरणांची यंत्रें लागतात, आणि या सर्वांहून दुर्मिळ अशी एक गोष्ट लागते, ती म्हणजे चिकाटी. रोग्यालाहि ती लागते आणि दात्यालाहि लागते.

या नव्या जातीच्या दानाचा उगम एका खाजगी दुःखांत झाला. जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या त्या काळच्या सार्वजनिक जीवनांत तळपणाऱ्या स्त्री होत्या. स्त्रियांचें शिक्षण, बालविवाहाचा प्रतिकार, महिला-परिषदांची संघटना या कामांत त्यांनीं मनापासून भाग घेतला होता. १९३१ सालीं त्यांना रक्ताच्या कर्करोगानें गांठलें आणि त्याच वर्षीं विलायतेंत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं रक्ताच्या कर्करोगावर जगांत कोठेंहि औषध नव्हतें. त्याच्यावर रासायनिक औषधांचा पहिला प्रयोग व्हावयास १९४७-४८ साल उजाडावें लागलें. हिंदुस्थानांतील अत्यंत श्रीमंत माणसांपैकीं एकाला आपल्या पत्नीसाठीं पैशानें कांहींएक विकत घेतां आलें नाहीं, ही गोष्ट या इतिहासाच्या आरंभींच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जेथें शास्त्रच हतबल असतें तेथें धनिक आणि दरिद्री एका पायरीवर येतात. शास्त्र पुढें सरकलें म्हणजे मात्र ती पायरी दुभंगते आणि ज्याच्यापाशीं पैसा असतो तोच वर चढतो. पुढच्या शंभर वर्षांतलें सारें धर्मादाय कार्य म्हणजे या दुभंगलेल्या पायरीला टेकू देण्याची खटपट होय.

सर दोराबजींनीं १९३२ च्या आरंभींच दोन न्यास केले. एक पत्नीच्या नांवानें, जगभर रक्ताच्या कर्करोगासंबंधीं चालणाऱ्या संशोधनाला मदत करण्यासाठीं. दुसरा आपल्या नांवानें, ज्यांत त्यांनीं आपली जवळजवळ सर्व संपत्ति घातली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जून १९३२ मध्यें, जर्मनींत तेहि निवर्तले. त्यांच्या संपत्तींत 'ज्युबिली' नांवाचा दोनशें पंचेचाळीस कॅरटचा एक प्रख्यात हिरा होता. तो त्यांनीं मेहेरबाईंसाठीं घेतला होता. १९२४ सालीं जमशेदपूरचा लोखंडाचा कारखाना बुडण्याच्या बेतांत आला तेव्हां कामगारांचे पगार भागविण्याकरितां सर दोराबजींनीं आपली खाजगी मालमत्ता गहाण टाकली, तींत हा हिराहि होता. पुढें तो सुटून घरीं आला. परंतु पतिपत्नींच्या निधनानंतर तो विकला गेला आणि त्याचें मोल न्यासाच्या तिजोरींत जमा झालें. ज्या न्यासानें परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलें तो हाच न्यास. एका रत्नानें आधीं कामगारांची चूल राखली आणि मग रोग्यांची खाट सजविली, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति फारशी होणार नाहीं.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनीं या रुग्णालयाचें उद्घाटन केलें. जगांत महायुद्ध पेटलेलें होतें. खाटा अवघ्या ऐंशी होत्या. पण त्या ऐंशी खाटांमागें एक नवी कल्पना होती : शस्त्रवैद्य, किरणोपचार करणारा आणि पेशींची परीक्षा करणारा हे तिघे एकाच छपराखालीं, एकाच रोग्याभोंवतीं बसून विचार करतील, आणि रोगी गरीब आहे म्हणून त्याला कमी प्रतीचा विचार मिळणार नाहीं.

या तिघांतला पेशींची परीक्षा करणारा मनुष्य म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. के. ई. एम. आणि सेठ गोवर्धनदास कॉलेजांतून ते या रुग्णालयांत आले. खानोलकरांची दृष्टि सूक्ष्मदर्शकाच्या कांचेपुरती मर्यादित नव्हती. कांचेखालीं दिसणाऱ्या पेशींकडून ते त्या पेशी बाळगणाऱ्या माणसाच्या घरापर्यंत पोंचत. हा मनुष्य काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, असे प्रश्न ते विचारीत. १९४५ सालीं त्यांनीं आपल्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच मुळीं चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध हा होता. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढण्याची चाल आहे. तेथें टाळूला व्रण होतो. खालच्या ओठाच्या आंत तंबाखू व चुना यांची गोळी धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागीं रोग होतो. कमरेला घट्ट आवळून धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर, वर्षानुवर्षें जेथें कांठ कांचतो तेथें, गांठ उठते. काश्मिरांत थंडीसाठीं पोटाशीं कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर होणारा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकापासूनच ठाऊक होता.

या संशोधनाचें महत्त्व वैद्यकापुरतें नव्हतें. कर्करोग म्हणजे दैवाचा कोप, पूर्वजन्मींचें पाप, असें मानणाऱ्या समाजाला त्यानें सांगितलें कीं या रोगाचा पुष्कळसा भाग माणसाच्या हाताशीं, ओठाशीं, कमरेशीं जोडलेला आहे. आणि जें हातानें जडतें तें हातानें टाळतांहि येतें. त्याबरोबरच दुसरीहि एक गोष्ट उघड झाली. तंबाखूची गोळी भुकेला मारते म्हणून गरीब ती चघळतो, कांगडी शेकोटीचा खर्च वांचविते म्हणून गरीब ती पोटाशीं धरतो. दारिद्र्य रोगावर उपचार होऊं देत नाहीं हें सर्वांना ठाऊक होतें. दारिद्र्य रोगाला आमंत्रणहि देतें, हें आतां सूक्ष्मदर्शकाखालीं दिसूं लागलें.

याच सुमारास देशांत इतरत्रहि असेच प्रयत्न चालू झाले. कलकत्त्यास देशबंधु चित्तरंजन दास यांच्या नांवाचें कर्करोग-रुग्णालय २ जानेवारी १९५० रोजीं मादाम क्यूरींच्या कन्या इरेन झोलियो-क्यूरी यांच्या हस्तें उघडलें. मद्रासेस डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची बहीण १९२३ सालीं कर्करोगानें गेली होती. ती वेदना त्यांनीं तीस वर्षें मनांत जपली, स्त्रियांच्या संस्थेमार्फत वर्गणी गोळा केली, आणि १९५४ सालीं अड्यार येथें साध्या झोंपडीवजा इमारतींत अवघ्या बारा खाटांचें रुग्णालय काढलें. परळला एका धनाढ्य पतीचें दुःख होतें, अड्यारला एका मध्यमवर्गीय बहिणीचें. पहिल्यापाशीं हिरा होता, दुसरीपाशीं वर्गणीचें पुस्तक. दोन्हीं दुःखांचीं रुग्णालयें झालीं, आणि दोन्हीं आजहि उभीं आहेत.

खाजगी दानाला मात्र एक मर्यादा असते. दात्याचा निधि कितीहि मोठा असला तरी रोग्यांची रांग त्याहून लांब असते. १९५७ सालीं परळचें रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलें आणि १९६२ सालीं तें अणुशक्ति खात्याच्या स्वाधीन झालें. किरणांचें शास्त्र हें त्या खात्याचें क्षेत्र, आणि त्याचे प्रमुख डॉ. होमी भाभा. भाभा हे लेडी मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव, हा योगायोग कोणाच्याहि नजरेस भरावा असा आहे. रुग्णालय आणि त्याला लागून १९५२ पासून चाललेलें संशोधन-केंद्र १९६६ सालीं एकत्र झालें. ऐंशी खाटांचे पुढें सहाशेंहून अधिक झाल्या, आणि तेथें येणाऱ्या रोग्यांतील बहुसंख्य लोकांवर जवळजवळ विनामूल्य उपचार होऊं लागले. दात्यानें बीं पेरावें आणि शासनानें मळा राखावा, अशी ही वांटणी होती. शासनाच्या हातीं गेलें म्हणजे धर्मादाय कार्य संपलें असें कांहींजण समजतात. येथें तें खरें म्हणजे नव्यानें सुरू झालें.

कारण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर एक निराळाच प्रश्न पथारी पसरून बसला होता. किरणोपचार हा एका दिवसाचा उपचार नव्हे. आठवड्यांतून पांच दिवस, असा तो पांच-सहा आठवडे चालतो. शस्त्रक्रियेपूर्वींच्या आणि नंतरच्या फेऱ्या निराळ्याच. विदर्भांतून, खानदेशांतून, बिहार-बंगालमधून आलेला शेतमजूर उपचार फुकट मिळाले तरी मुंबईंत राहणार कोठें? खाणार काय? त्याच्याबरोबर आलेल्या बायकोची आणि भावाची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? पदपथावर रात्री काढून, अर्धा उपचार घेऊन, पहिला आराम वाटतांच गांवची गाडी धरणारे रोगी थोडे नव्हते. अर्धवट सोडलेला उपचार हा पुष्कळदां न केलेल्या उपचाराइतकाच निष्फळ ठरतो. म्हणजे खाट मोफत देऊनहि रोगी मरत होता, आणि तो रोगानें मरत होता त्याहून अधिक आसरा नसल्यामुळें मरत होता.

या ठिकाणीं महाराष्ट्राची जुनी धर्मशाळा नव्या शास्त्राच्या मदतीस आली. गाडगे महाराजांनीं (१८७६-१९५६) पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधल्या, आणि त्याच दृष्टीनें इस्पितळांत येणाऱ्या गरिबांकडे आणि त्यांच्या आप्तांकडे पाहिलें. परगांवचा रोगी हाहि एक यात्रेकरूच, किंबहुना ज्याच्या यात्रेंत आनंद नाहीं असा यात्रेकरू. त्यांच्या नांवानें चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेंत परळला उपचार घेणारे रोगी आणि त्यांचे नातलग अत्यल्प खर्चांत महिनोन्महिने राहत आले आहेत. परळमध्येंच १९६८ सालीं निघालेली नाना पालकर स्मृति समिति हेंच काम करते. टाटा रुग्णालयांतील गोव्याचे सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस १९६९ सालीं वारले. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचें नांव मिळालें, पण त्याहून शोभणारें स्मारक म्हणजे वांद्र्यास त्यांच्या नांवानें असलेलें परगांवच्या रोग्यांचें निवासस्थान. त्याच वर्षीं रोग्यांना औषधपाणी आणि आधार देणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था मुंबईंत निघाली. २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेनें कर्करोग झालेल्या मुलांसाठीं आणि त्यांच्या आईबापांसाठीं घरें चालविलीं आहेत. तेथें प्रत्येक कुटुंबाला राहावयास स्वतःची जागा असते, सामायिक स्वयंपाकघरांत आई आपल्या हातानें रांधते, आणि मुलाची शाळाहि बुडत नाहीं. या कामांत चमत्कृति कांहीं नाहीं. चूल, अंथरूण, पाणी एवढेंच हें दान आहे. परंतु किरणयंत्राची किंमत वसूल होते ती या चुलीच्या जोरावर.

दानाचें आणखी एक रूप असें आहे कीं तें दान म्हणून कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि श्री. नवल टाटा यांनीं १९५१ सालीं इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. या संस्थेनें १९६३ सालीं मुंबई शहरांतील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंद सुरू केली. लोकसंख्येच्या आधारानें केलेली अशी नोंद देशांत ही पहिलीच. कोणाला, कोणत्या वयांत, कोणत्या अवयवाचा रोग झाला, हें इस्पितळाइस्पितळांतून आणि मृत्यूच्या दाखल्यांतून वेंचून लिहिणें हें काम रुक्ष खरें. नोंदवहीला कोणी हार घालीत नाहीं. पण रोगी मोजल्यावांचून रोग समजत नाहीं, आणि रोग समजल्यावांचून पैसा कोठें खर्चावा हें कळत नाहीं. जो समाज आपल्या गरिबांचे मृत्यु मोजीत नाहीं, तो ते मृत्यु झालेच नाहींत असें समजून चालतो.

ही मोजणी शहरापुरती होती. खेड्यांत काय चाललें होतें? या प्रश्नाचें उत्तर द्यावयास बार्शी पुढें आली. बार्शी हें भगवंताच्या देवळाचें आणि धान्याच्या व्यापाराचें गांव. १८९७ सालीं निघालेल्या तिच्या छोट्या आगगाडीनें वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या पाहिल्या. मुंबई तेथून सुमारें चारशें किलोमीटर दूर. पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला तें अंतर मैलांत मोजतां येत नाहीं; तो तें किती दिवसांची मजुरी बुडाली यावर मोजतो. अशा गांवीं डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी यांच्या धर्मादाय संस्थेनें १९८२ सालीं ग्रामीण कर्करोग-रुग्णालय काढलें. त्याच्या आदल्याच वर्षीं सुप्रसिद्ध अभिनेत्री नर्गिस दत्त कर्करोगानें निवर्तल्या होत्या. परदेशांतील उत्तमोत्तम उपचारहि त्यांना वांचवूं शकले नव्हते. बार्शीच्या रुग्णालयाला त्यांचें नांव देण्यांत आलें. अशा रीतीनें मेहेरबाईंनंतर अर्ध्या शतकानें आणखी एका स्त्रीच्या मृत्यूची स्मृति गरिबांच्या खाटेशीं जोडली गेली.

रुग्णालय उघडलें म्हणजे रोगी येतील, ही समजूत बार्शीनें लवकरच टाकून दिली. १९८७ सालीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें तेथें देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंद सुरू झाली. शहरांत नोंदणी करणारा इस्पितळांत जाऊन बसतो; पण खेड्यांतले पुष्कळसे रोगी इस्पितळाचें तोंड न पाहतांच जग सोडून जात, तेव्हां त्यांची नोंद इस्पितळांत सांपडणार कशी? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव फिरण्याची प्रथा पाडली. सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटावें, चावडीवर सभा घ्यावी, रोगाचीं लक्षणें समजावून सांगावीं, आणि संशयित रोग्याला बरोबर घेऊन यावें, असा तो क्रम होता. या नोंदींतून दिसलें कीं एकंदर कर्करोगाचें प्रमाण मुंबईपेक्षां येथें पुष्कळ कमी आहे, पण स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आहे.

हा रोग स्त्रीच्या लज्जेआड वाढतो. अवेळीं रक्तस्राव होतो, पांढरें जातें, दुर्गंधि येते. ती कोणाला सांगत नाहीं. नवऱ्याला सांगावें तर संकोच, सासूला सांगावें तर दोष आपल्याच माथीं. वैद्यापुढें ती येते तेव्हां रोग पसरलेला असतो. बार्शीच्या कार्यकर्त्यांनीं या विषयावर स्त्रियांशीं उघडपणें बोलावयास आरंभ केला. त्यांच्यापाशीं त्या वेळीं नवें यंत्र नव्हतें, नवें औषध नव्हतें. केवळ बोलणें होतें. तरीहि पहिल्या कांहीं वर्षांतच लवकरच्या अवस्थेंत येणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण वाढल्याचें नोंदींतून दिसून आलें. शब्दहि औषध होऊं शकतो, याचें याहून चांगलें प्रमाण मिळणें कठीण.

यापुढचें पाऊल मोठें होतें. या कर्करोगाचें मूळ एका विषाणूंत आहे हें तोंवर शास्त्रानें सिद्ध केलें होतें, आणि तो विषाणु शरीरांत शिरल्यापासून रोग उद्भवेपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षें जातात. म्हणजे रोग होण्यापूर्वींच त्याला पकडण्यास भरपूर अवकाश असतो. प्रश्न एवढाच कीं गरीब खेड्याला परवडेल अशी कोणती तपासणी? १९९९ सालीं बार्शीचें रुग्णालय, परळचें टाटा रुग्णालय आणि कर्करोग-संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं अमेरिकेंतील एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या द्रव्यसाहाय्यानें शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत याचा शोध सुरू केला. गांवांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत आल्या. कांहीं गटांत विषाणूची चाचणी, कांहींत पेशींची तपासणी, कांहींत सौम्य शिरक्याचा बोळा लावून पांढरा डाग दिसतो कीं काय तें पाहणें. आणि एका गटांत केवळ माहिती व नेहमींची वैद्यकीय सोय. आठ वर्षांनंतर, २००९ सालीं, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटांत स्त्रियांची एकदांच विषाणु-चाचणी केली होती तेथें या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गटांत तपासणी नव्हती तेथें ६४. दोन्हीं गटांची लोकसंख्या जवळजवळ सारखीच होती. इतर दोन पद्धतींनीं, एकदांच वापरल्या असतां, मृत्यूंत लक्षणीय घट दाखविली नाहीं.

शिरक्याची साधी पद्धति निरुपयोगी मात्र नव्हती. १९९८ पासून मुंबईच्या झोंपडपट्ट्यांतून टाटा रुग्णालयानें दुसरा एक प्रयोग चालविला. त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केलें, आणि त्यांनीं दर दोन वर्षांनीं, असें चार वेळां, दीड लाखांपैकीं निम्म्या स्त्रियांची तपासणी केली. तेथें या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. म्हणजे महाग चाचणी एकदां, किंवा स्वस्त चाचणी पुनःपुन्हा, असे दोन मार्ग महाराष्ट्राच्या भूमींतून जगाला दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनांत विषाणु-चाचणीला प्रथम पसंती दिली, तिच्यामागें ज्या पुराव्याचें बळ आहे त्यांत या खेड्यांतल्या स्त्रियांचा वांटा आहे.

परंतु हा विजय निष्कलंक मानून पुढें जाणें बरें नव्हे. ज्या गटांत तपासणी केली नाहीं त्यांतल्या ६४ मृत्यूंचा प्रश्न देशांत आणि परदेशांत अनेकांनीं उपस्थित केला. तपासणीनें जीव वांचतो याची कल्पना असतांना तीसहजारांवर स्त्रियांना तिच्याविना ठेवणें न्याय्य होतें काय? संशोधकांचें उत्तर असें कीं त्या स्त्रियांपासून कांहींहि हिरावून घेतलेलें नव्हतें. त्या काळीं देशांतल्या कोणत्याच खेड्यांत अशी तपासणी उपलब्ध नव्हती, आणि पुराव्याशिवाय ती कधीं उपलब्धहि झाली नसती. या उत्तरांत तथ्य आहे, पण समाधान नाहीं. कारण जें उत्तर संशोधकांना निर्दोष ठरवितें तेंच समाजाला दोषी ठरवितें. त्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाहीं याचें कारण कोणी ती रोखली हें नव्हे. सर्वांनीं ती कधींच देऊं केली नव्हती, हें होय. गरिबांवर उपकार करणाऱ्यानें त्यांच्याकडून काय घेतलें जात आहे याचाहि हिशेब ठेवला पाहिजे, हा या प्रकरणाचा धडा आहे.

या वाटेवरचा शेवटचा टप्पा म्हणजे ज्यांना वांचवितां येत नाहीं त्यांचा. फार उशीरां आलेल्या रोग्याला 'घरीं घेऊन जा' असें सांगितलें जाई, आणि त्या तीन शब्दांवर वैद्यकाचें कर्तव्य संपे. टाटा रुग्णालयांतील शस्त्रवैद्य डॉ. एल. जे. डिसूझा यांना तें संपलें असें वाटलें नाहीं. १९८६ सालीं त्यांनीं वांद्र्यास, माउंट मेरीच्या टेकडीवर, 'शांति आवेदना' हें भारतांतील पहिलें अंतिमसेवागृह काढलें. तेथें ख्रिस्ती भगिनी सर्व धर्मांच्या रोग्यांची विनामूल्य शुश्रूषा करतात. पुढें गोव्यांत लोटली येथें आणि दिल्लीसहि त्याच्या शाखा निघाल्या. या सेवेला लागणारें मुख्य औषध म्हणजे मॉर्फिन. तें अफूपासून होतें, आणि औषधासाठीं अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. तरीहि १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें परवान्यांचें असें जाळें विणलें कीं इस्पितळांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडून दिलें. चोराला अडविण्यासाठीं लावलेलें कुलूप वेदनेनें तळमळणाऱ्याच्या दारावर पडलें. तें सैल व्हावयास २०१४ ची दुरुस्ति यावी लागली. या मधल्या काळांत केरळांतील कालिकत येथें १९९३ सालीं निघालेल्या एका संस्थेनें शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवून घरोघर सेवा पोंचविण्याची पद्धति घातली, आणि २००८ सालीं त्या राज्याच्या शासनानें ती आपलें धोरण म्हणून स्वीकारली. महाराष्ट्रांत या बाबतींत अजून पुष्कळ करावयाचें उरलें आहे.

शासनानेंहि मधल्या काळांत पाऊल उचललें. २०१२ सालीं महाराष्ट्रांत सुरू झालेल्या आणि पुढें महात्मा जोतिबा फुले यांचें नांव मिळालेल्या आरोग्य-योजनेंत कर्करोगावरील अनेक उपचारांचा अंतर्भाव आहे. त्यामुळें शस्त्रक्रियेसाठीं जमीन विकण्याचा प्रसंग अनेक घरांवरून टळला. पण योजनेचें पत्रक गाडीभाडें देत नाहीं, बुडालेली मजुरी देत नाहीं, आणि लाजेनें गप्प राहिलेल्या स्त्रीला बोलकें करीत नाहीं. तेथें धर्मादाय संस्थेचें क्षेत्र अजून मोकळें आहे.

शंभर वर्षांच्या या वाटचालीकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक क्रम स्पष्ट दिसतो. प्रथम इमारत आली, मग इमारतीभोंवतीं आसरा आला, मग मोजणी आली, मग खेड्याकडे जाणारी पाऊलवाट आली, आणि शेवटीं मरणाऱ्याच्या उशाशीं बसणारी सोबत आली. प्रत्येक टप्प्यावर दान डोळ्यांना कमी दिसूं लागलें आणि रोग्याच्या अधिक जवळ गेलें. संगमरवरी पाटीवर दात्याचें नांव कोरतां येतें. चावडीवर तासभर बोलणाऱ्या कार्यकर्तीचें नांव कोठें कोरणार? तरी बार्शीच्या नोंदवहीनें दाखविलें तें हेंच कीं पुष्कळशा स्त्रियांचा जीव त्या तासावर अवलंबून होता. सुशिक्षित घरांतून या कार्यासाठीं देणग्या जातात, त्या जाव्यातच. पण त्याच घरांत धुणीभांडीं करावयास येणारी बाई गेले तीन महिने कंबर धरून कां चालते, असें तिला आपुलकीनें विचारणें आणि वेळेवर तपासणीला पाठविणें, हें दानहि त्याच मालिकेंतलें आहे. आणि त्याला हिरा विकावा लागत नाहीं.